गप्पांचे दफ्तर

आमच्या वाचकमंडळाची एक नोंदवही आहे. दर शनिवारी कोण आले, कोणत्या पुस्तकावर बोलणे झाले, वर्गणी किती जमली आणि चहाचे किती झाले, एवढे तीत इमानेइतबारे लिहिलेले असते. मागल्या वर्षी मंडळातील एक ज्येष्ठ सभासद निवर्तले. ग्रंथालयाच्या ज्या खोलीत आम्ही जमतो तिथेच शोकसभा झाली. त्यांच्या बोलण्याची सर्वांनी तोंड भरून स्तुती केली. पण ते नेमके काय बोलत, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. 'काय मार्मिक बोलायचे!' इथवर येऊन प्रत्येकाची गाडी अडत होती. नोंदवहीत त्यांचे नाव शेकडो वेळा आले आहे, त्यांचे वाक्य मात्र एकही नाही.

शेवटी बोलले ते ग्रंथालयातले शिपाईकाका. आमची बैठक संपेपर्यंत किल्ल्या घेऊन दाराशी थांबणे हे त्यांचे काम. ते म्हणाले, "त्या जाड कादंबरीवर तुम्ही सगळे भांडत होता ना, तेव्हा ते म्हणाले होते, या पुस्तकात पाऊस पुष्कळ पडतो, पण कपडे कोणाचेच भिजत नाहीत." क्षणभर शांतता झाली आणि मग शोकसभेत हसू नये हा संकेत मोडून आम्ही हसलो, कारण ते वाक्य त्यांच्या आवाजासकट आम्हां सर्वांना आठवले. काका मंडळाचे सभासद नाहीत. 'तुम्ही आत येऊन बसा' असे त्यांना इतक्या वर्षांत कोणी म्हटलेही नव्हते.

अशा वेळी इतिहासाचा आधार शोधावा, ही आमची जुनी खोड. पुस्तकवेड्या माणसांच्या रोजच्या गप्पांचे दफ्तर आजवर कोणी राखले आहे काय, आणि राखले असल्यास त्यात कोणाचे बोलणे आले व कोणाचे गळाले, असा प्रश्न मनात धरून आम्ही वाचू लागलो. वाचता वाचता ज्या नावापाशी थांबलो ते मराठी वाचकाला परके नाही. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन याचे चरित्र विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त लिहिले आहे. जॉन्सनची 'रासेलस' ही कथा कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री या पितापुत्रांनी मराठीत आणली, ती १८७३ सालची. चिपळूणकरांच्या पिढीने त्याच्याकडे कोशकार आणि निबंधकार म्हणून मोठ्या आदराने पाहिले. परंतु इंग्रजी वाचकांच्या स्मरणात हा गृहस्थ आज त्याच्या ग्रंथांपेक्षाही त्याच्या बोलण्यामुळे अधिक आहे, आणि त्या बोलण्याशी जोडलेली जी एक मित्रमंडळी आहे तिलाच इंग्रजी वाङ्मयेतिहासात 'द क्लब' म्हणतात.

जॉन्सन १७०९ साली लिचफील्ड या गावी जन्मला. बाप पुस्तकविक्रेता होता, त्यामुळे पुस्तकांचा सहवास जन्मापासूनच. मात्र घरात पैसा नव्हता. ऑक्सफर्डचे शिक्षण वर्षासव्वावर्षातच सोडावे लागले. लंडनमध्ये येऊन त्याने कित्येक वर्षे पुस्तकविक्रेत्यांसाठी मिळेल ते लिहिले. १७५५ साली त्याचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला आणि नाव झाले, पण त्याच्या तीन वर्षे आधी पत्नी वारली होती. औदासीन्याचा विकार त्याला तरुणपणापासून होता. रात्री एकट्याने घरी जाणे त्याला नको वाटे. मंडळी उठू लागली की तो कासावीस होई आणि आणखी थोडा वेळ बसा म्हणून आग्रह करी. त्याच्या गप्पिष्टपणाच्या मुळाशी ही एकटेपणाची भीती होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या हकिकतीतला विनोद वेगळा वाटू लागतो.

उदाहरणार्थ, त्याच्या दोन तरुण मित्रांची गोष्ट. बेनेट लँग्टन आणि टॉपहॅम बोक्लर्क हे दोघे एकदा रात्रभर जागून पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या दाराशी आले आणि दार बडवू लागले. चोर आले असे समजून जॉन्सन चुलीतला निखारे ढोसण्याचा लोखंडी गज हाती घेऊन खाली उतरला. पाहतो तो ओळखीची पोरे. मग त्याने रागावणे बाजूला ठेवले, कपडे चढवले आणि त्यांच्याबरोबर पहाटेच्या लंडनात हिंडायला निघाला. वयाने तो या दोघांच्या बापासारखा होता.

अशा माणसासाठी १७६४ साली चित्रकार जोशुआ रेनल्ड्स याने एक कल्पना काढली: आठवड्यातून एक संध्याकाळ मित्रांनी ठरवून एकत्र यावे. सोहो भागातील जेरार्ड स्ट्रीटवर 'टर्क्स हेड' नावाची टॅव्हर्न होती. टॅव्हर्न म्हणजे केवळ दारूचा गुत्ता नव्हे. तिथे जेवण मिळे आणि मंडळींना बैठकीसाठी स्वतंत्र खोलीही मिळे. सोमवारी संध्याकाळी सात वाजता जमायचे, एकत्र जेवायचे आणि रात्री बऱ्याच उशिरापर्यंत बोलत बसायचे, एवढाच कार्यक्रम. ना अध्यक्षीय भाषण, ना ठराव, ना निबंधवाचन. आरंभीचे सभासद नऊ: जॉन्सन, रेनल्ड्स, राजकारणी एडमंड बर्क, त्याचे सासरे डॉक्टर न्यूजंट, वर सांगितलेले बोक्लर्क आणि लँग्टन, लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ, सावकारी पेढ्यांच्या व्यवहारातला अँथनी शामिए आणि न्यायदंडाधिकारी जॉन हॉकिन्स. चित्रकार, वैद्य, वकिली डोक्याचा मुत्सद्दी, कर्जबाजारी लेखक; धंद्याने एकाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नाही. पुस्तके वाचणे आणि त्यांवर बोलणे हाच त्यांना बांधणारा धागा होता.

मित्रमंडळ म्हटले की कुरबुरी आल्याच. गोल्डस्मिथला मंडळात घ्यावे की नाही याविषयी कोणाकोणाला शंका होती, कारण तोवर त्याची ओळख पुस्तकविक्रेत्यांसाठी पाने भरणारा एक मजूर-लेखक एवढीच होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचे 'द ट्रॅव्हलर' हे काव्य निघाले आणि शंका घेणाऱ्यांना गप्प बसावे लागले. हॉकिन्स रात्रीचे जेवण घेत नसे, म्हणून सामाईक जेवणखर्चातला आपला वाटा देण्यास त्याने नकार दिला, अशी कथा आहे. पुढे तो बर्कशी उद्धटपणे वागला, पुढच्या बैठकीस सर्वांनी त्याच्याकडे थंडपणे पाहिले आणि त्याने येणे सोडले. त्याने स्वतः दिलेले कारण मात्र निराळे आहे: बैठका उशिरा संपत आणि घरच्या व्यवस्थेला ते सोयीचे नव्हते. वाचकहो, मंडळ सोडून जाणाऱ्या सभासदाची ही दोन कारणे, एक मंडळाने सांगितलेले आणि एक त्याने सांगितलेले, आपल्याही परिचयाची नाहीत काय?

प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक हा जॉन्सनचा जुना विद्यार्थी. दोघे मिळून लिचफील्डहून लंडनला आलेले. मंडळाची कल्पना ऐकून तो रेनल्ड्सला म्हणाला, की मीही येईन तुमच्यात. हा आपणहून येण्याचा आव जॉन्सनला रुचला नाही. गॅरिकला आत यायला १७७३ साल उजाडले. नवा सभासद घ्यायचा तर गुप्त मतदान होई आणि एक जरी मत विरुद्ध पडले तरी दार बंद. एकदा गोल्डस्मिथने सुचवले, की आता आपल्याला एकमेकांची मने पाठ झाली आहेत, तेव्हा नवी माणसे आणावीत. जॉन्सन यावर उसळला. माझे मन तू अजून पुरते पाहिलेले नाहीस, असा त्याचा एकंदर रोख होता. परंतु मंडळ वाढले. विल्यम जोन्स, एडवर्ड गिबन, अ‍ॅडम स्मिथ, नाटककार शेरिडन असे एकेक जण येत गेले आणि सभासदसंख्या पुढे पस्तीसवर पोचली. आठवड्याचे रात्रीचे जेवण जाऊन पार्लमेंटच्या अधिवेशनकाळात पंधरवड्यातून एकदा जेवण, असा क्रम झाला. मंडळ मोठे झाले तशी जुनी सलगी पातळ झाली.

आता दफ्तराविषयी. १६ मे १७६३ रोजी टॉम डेव्हिस याच्या पुस्तकांच्या दुकानामागील खोलीत चहा पीत बसला असताना बावीस वर्षांच्या जेम्स बॉस्वेलची जॉन्सनशी गाठ पडली. पहिल्या भेटीत त्याने जॉन्सनकडून टोलेच खाल्ले, पण त्याने संग सोडला नाही. १७७३ साली त्याची मंडळात निवड झाली. मतदानाचा निकाल कळेपर्यंत तो बोक्लर्कच्या घरी जीव मुठीत धरून बसला होता. निकाल कळताच धावत गेला, तेव्हा जॉन्सन खुर्चीच्या पाठीवर रेलून उभा राहिला आणि चांगल्या सभासदाने कसे वागावे याचा थट्टेने उपदेश करू लागला. बॉस्वेलची रीत अशी होती, की बैठकीहून परतल्यावर शक्य तितक्या लवकर बोलण्यातले खुणेचे शब्द टिपून ठेवायचे आणि मग सवडीने रोजनिशीत त्यांचा विस्तार करायचा. या रोजनिशीच्या आधारे लिहिलेले जॉन्सनचे चरित्र १६ मे १७९१ रोजी, म्हणजे पहिल्या भेटीला बरोबर अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, प्रसिद्ध झाले. मूळ रोजनिश्या मात्र वंशजांच्या घरात पडून होत्या. डब्लिनजवळील मॅलाहाइड किल्ल्यात त्या असल्याचे १९२०च्या दशकात उघड झाले आणि बॉस्वेलच्या रोजनिशीतला लंडनचा भाग १९५० साली छापला गेला.

हे वाचून कोणाचा असा समज होईल, की क्लबच्या गप्पा आपल्याला जशाच्या तशा मिळाल्या. आमचाही तोच समज होता. वस्तुतः बॉस्वेल हा एडिंबरोचा वकील. वर्षातले थोडेच दिवस तो लंडनमध्ये असे. मंडळ सुरू झाल्यानंतर नऊ वर्षांनी तो आत आला. त्यामुळे त्याने नोंदवलेले जॉन्सनचे बहुतेक संभाषण हे घरांतले, टॅव्हर्नमधले, प्रवासातले आहे. खुद्द क्लबच्या बैठकींचे तपशील फार थोडे. त्यांतली ३ एप्रिल १७७८ची बैठक त्याने सविस्तर दिली आहे, तीही सभासदांची नावे झाकून, केवळ अक्षरे घालून. त्या रात्री इंग्लंडातले थोर थोर मेंदू एका मेजाभोवती कशावर बोलत होते? हजार गिनी किंमत सांगितलेल्या एका प्राचीन संगमरवरी कुत्र्यावर. देश सोडून परदेशी स्थायिक होणाऱ्या लोकांवर. आणि एका सन्मित्राने भेट दिलेले दारूचे पिंप संपत आले आहे, तर दुसऱ्यासाठी त्याला कसे लिहावे, यावर. हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा आम्ही थोडे खट्टू झालो. नंतर आम्हांला तो सगळ्या चरित्रातला सर्वांत खरा भाग वाटू लागला. बाकीच्या शेकडो बैठकदिवसांचे काय झाले? ते आमच्या शनिवारांसारखेच गेले.

आणखी एक बाजू आहे. जॉन्सनच्या मृत्यूनंतर, १७८५ साली बॉस्वेलने हेब्रिडीज बेटांच्या प्रवासाचे वर्णन छापले, त्यात खाजगी बोलणी उघडी पडली. त्यानंतर काही मित्र त्याच्यापुढे जपून बोलू लागले. टिपून घेणारा समोर बसला की बोलणारा बदलतो. म्हणजे गप्पा टिपाव्यात तर त्यांचा मोकळेपणा जातो आणि न टिपाव्यात तर त्या स्वतःच जातात.

दफ्तरात जे आले नाही त्याचा विचार करताना मतपेटीपर्यंतही न पोचलेल्यांची आठवण होते. क्लबच्या आरंभापूर्वी तेरा वर्षे, १७५१ साली जॉन्सनने दुसऱ्याच एका लहान मंडळातल्या मित्रांना घेऊन 'डेव्हिल टॅव्हर्न'मध्ये रात्रभर एक मेजवानी घडवून आणली होती. निमित्त काय, तर शार्लट लेनक्स या तरुण लेखिकेची पहिली कादंबरी. जॉन्सनने सफरचंदाचा मोठा पाय मागवला, ती लेखिका म्हणून त्यात कवींच्या मानाची लॉरेलची पाने खोवली आणि तिच्या मस्तकावर तसलाच मुकुट ठेवला. पहाट झाली तरी, नुसते लिंबाचे सरबत पिऊन, जॉन्सनचा चेहरा फुललेला होता. ही हकिकत पुढे क्लब सोडून गेलेल्या त्याच हॉकिन्सने लिहून ठेवली आहे, जॉन्सनच्या १७८७ सालच्या चरित्रात. लेखिकेचा असा सत्कार करणारा जॉन्सन ज्या क्लबचा प्राण होता, त्या क्लबात त्याच्या हयातीत एकही स्त्री सभासद झाली नाही. अगमँडिशॅम व्हीसी हा सभासद होता. त्याची पत्नी एलिझाबेथ व्हीसी हिच्या दिवाणखान्यात लंडनच्या विदुषी आणि विद्वान पत्ते आणि मद्य बाजूला ठेवून चहावर साहित्यचर्चा करीत. क्लबात प्रवेश पतीला मिळाला.

हेस्टर थ्रेल हिची गोष्ट याहून बोलकी. साउथवर्कच्या एका धनाढ्य मद्य-उत्पादकाची ती पत्नी. १७६६पासून जॉन्सन तिच्या स्ट्रेटम येथील घरी घरच्यासारखा राहू लागला. मध्यरात्रीपर्यंत त्याच्यासाठी चहा ओतणे आणि त्याचे बोलणे ऐकणे हे वर्षानुवर्षे तिने केले. ऐकणाऱ्यांत तिचा सहवास बॉस्वेलपेक्षा पुष्कळच अधिक. १७७६ साली नवऱ्याने तिला कोऱ्या पानांच्या सहा सुंदर वह्या दिल्या. तीत ती गप्पा, किस्से, कविता, माणसांविषयीची मते, मनातले सल, सारे लिहीत गेली. वैधव्यानंतर १७८४ साली तिने इटालियन गायक पियोझी याच्याशी लग्न केले, तेव्हा जॉन्सनने तिच्याशी संबंध तोडला. १७८६ साली तिने जॉन्सनच्या आठवणींचे पुस्तक काढले. बॉस्वेलने आपल्या ग्रंथात तिच्या नोंदी अविश्वसनीय ठरवण्याची एकही संधी दवडली नाही. 'थ्रेलियाना' या नावाने तिच्या त्या वह्या प्रसिद्ध झाल्या त्या १९४२ साली, पहिले पान लिहिल्यानंतर एकशे सहासष्ट वर्षांनी.

आणि दाराशी उभा असलेला एक माणूस. फ्रान्सिस बार्बर हा जमैकात गुलाम म्हणून जन्मला आणि १७५२ साली, जॉन्सनची पत्नी वारल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच्या घरी नोकर म्हणून आला. जॉन्सनने त्याला स्वखर्चाने शाळेत घातले आणि मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा मुख्य वारस केले. जॉन्सनच्या मृत्यूनंतर बॉस्वेलला जेव्हा पत्नीवियोगाच्या काळातला जॉन्सन हवा होता, तेव्हा त्याने बार्बरकडे विचारणा केली. त्या दिवसांत जॉन्सनची अवस्था काय होती, घरी कोण कोण येत असे, हे बार्बरने सांगितले. क्लबमधल्या कोणालाही हे त्याच्याइतके ठाऊक नव्हते. या ओळी वाचताना आम्हांला आमच्या ग्रंथालयातली ती किल्ल्यांची जुडी दिसत होती, हे कबूल केले पाहिजे.

या मंडळाचा एक धागा आपल्या देशापर्यंत आलेला आहे. सभासद विल्यम जोन्स न्यायाधीश होऊन १७८३ साली कलकत्त्यास आला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने तिथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली. पंडितांशी बोलून तो संस्कृत शिकला. १७८९ साली त्याचे 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर निघाले. ज्यांच्या मुखातून ही विद्या आली त्या भारतीयांना त्या सोसायटीचे सभासदत्व मात्र १८२९पर्यंत मिळाले नाही. मुंबईत १८०४ साली जेम्स मॅकिंटॉशने जी वाङ्मयसभा काढली, जिची पुढे टाउन हॉलमधली एशियाटिक झाली, तिथेही पहिला भारतीय सभासद, माणकजी कर्सेटजी, १८४० साली आत गेला. आज त्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसून पुस्तकांवर गप्पा मारणाऱ्या मुलांना हे माहीत असण्याचे कारण नाही. पण तिथे बसण्याचा हक्क आपोआप मिळालेला नाही.

असो. हे सगळे वाचून झाल्यावर आमच्या मंडळात दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, आता दर शनिवारी कोणीतरी बोलणे टिपून घ्यावे. दुसऱ्याचे म्हणणे, तसे केल्यास आम्ही टिपण्याजोगेच बोलू लागू आणि मग बोलण्यात राम राहणार नाही. दोन शनिवार या वादात गेले, आणि तो वादही कोणी लिहून ठेवला नाही. अखेर तडजोड झाली: नोंदवहीत प्रत्येक बैठकीपुढे एक ओळ कोरी सोडायची, पुढच्या शनिवारी ज्या कोणाला मागचे एखादे वाक्य अजून आठवत असेल, त्याने ते बोलणाऱ्याच्या नावासह तिथे लिहायचे. आठवडाभर टिकेल तेवढेच राखायचे. बहुतेक ओळी कोऱ्याच राहतात, आणि त्याचे आम्हांला फारसे वाईट वाटत नाही.

दुसरा निर्णय मात्र वादाविना झाला. शिपाईकाकांना आम्ही आत येऊन बसण्याची विनंती केली. प्रथम त्यांनी कपाटे बंद करायची असल्याचे कारण सांगितले. तिसऱ्या शनिवारी आले, दाराजवळच्याच खुर्चीवर बसले आणि अर्धा तास काहीच बोलले नाहीत. मग एका प्रवासवर्णनावर आमचे कौतुक चालले असता म्हणाले, "हे पुस्तक दोन वर्षांत कोणी नेलेलं नाही. तुम्हीसुद्धा." त्या आठवड्याची ओळ कोरी राहिली नाही.